गालिच्याचा चौकडा

नाही हो, हसू नका! मी आर्ची पेटिग्रू, सगळा जन्म डंडीत काढला, उभं आयुष्य बस चालवली, भल्याभल्यांना "पुढे सरका" म्हणून दरडावलं, आणि त्या दिवशी मात्र... सांगू कसं? अजून आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हणतो, साधी पँट घातली असती तर काय आभाळ कोसळणार होतं का?

तुम्हाला सांगतो, मुलीचं लग्न ठरलं, मॉर्वेनचं, ते थेट कर्नलसाहेबांच्या मुलाशी. मोठं घर, दारात घोडे! त्यांनी दोन्हीकडच्या माणसांना जेवायला बोलावलं, ते कुठे, तर डोंगरातल्या बड्या हॉटेलात. आम्ही त्यांना पाहिलेलं नाही, त्यांनी आम्हाला पाहिलेलं नाही. आणि फोनवर मॉर्वेन म्हणते, "बाबा, त्यांच्याकडचे सगळे पुरुष किल्ट नेसून येणार. तुम्ही पण जरा... म्हणजे... चारचौघांत शोभेल असं या हं." लागलं हो मला ते! म्हटलं, पोरीला आपली लाज वाटायला लागली की काय? थांब, दाखवतोच.

माळ्यावरून माझ्या लग्नातला किल्ट, म्हणजे आम्हा पुरुषांचा तो गुडघ्यापर्यंतचा चौकड्याचा घागरा, काढला, गुंडाळला... एक टोक पोटाच्या अलीकडे, दुसरं पलीकडे, दोघांची गाठभेट म्हणून नाही! आमची इसोबेल दारात उभी, ती म्हणते, "आर्ची, श्वास सोड बाबा, नाहीतर पोरीच्या लग्नात मला काळे कपडे घालावे लागतील." बायको आहे की वैरीण?

मग काय, गेलो भाड्याच्या दुकानात. ऐन लग्नसराई, माझ्या घेराचा एकच उरलेला. लाल, त्यात शेवाळी पट्टे, मधून पिवळी रेघ. आता आमच्याकडे किल्टच्या चौकड्यावरून माणसाचं घराणं ओळखतात, आणि आम्हा पेटिग्रूंना तर स्वतःचा चौकडाच नाही! म्हणून विचारलं, "काय हो, हा कुठल्या घराण्याचा?" तर तो दुकानदार म्हणतो, "सोमवारपर्यंत तुमच्या!" तेव्हाच कळायला नको होतं मला? समोर खुंटीला छान काळी पँट लटकत होती हो! ती घातली असती तर काय आभाळ कोसळणार होतं का?

पोचलो. ऐटीत दार ढकललं, आत पाऊल टाकलं... आणि गालिचा! लाल, शेवाळी पट्टे, मधून पिवळी रेघ. पडदे? तेच! खुर्च्या? त्याच! आणि ट्रे घेऊन फिरणारे सगळे वाढपी... त्यांच्या कमरेला तेच! हॉटेलवाल्यांनी स्वतःचा चौकडा विणून घेतलेला, आणि वाढप्यांचे जुने किल्ट घातले होते त्या दुकानदाराच्या घशात. मी आपला त्या गालिच्यावर उभा. मधले दोन उघडे गुडघे तेवढे माझे, बाकी सगळं हॉटेलचं! इसोबेलने एकदा खाली बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तोंडाला रुमाल लावून जी पळाली बायकांच्या खोलीकडे, ती पळालीच.

तेवढ्यात पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ आले, कोट काढला आणि ठेवला की माझ्या हातावर! "नीट टांग रे, खिशात चष्मा आहे." आता मी म्हणायला हवं होतं ना, की ओ साहेब, मी पाहुणा आहे? पण तोंडातून काय निघालं? "हो साहेब!" कशी फिरते हो जीभ अशी? त्यांच्या मागून एका बाईंनी शाल दिली, एकाने छत्री दिली, मी आपला खांबासारखा उभा. तेवढ्यात वाढप्यांची मुकादमीण आली, कंबरेवर हात ठेवून. "नवीन का तुम्ही? इथे खुंटी होऊन काय उभे राहिलात? आत सूप गार होतंय, ते काय स्वतःच्या पायाने जाणार आहे?" आणि दिला ट्रे! मी तरी कसा घेतला, म्हणाल तर घेतला बुवा. त्या बाईंपुढे कर्नल काय, जनरलसुद्धा ट्रे घेईल!

गेलो आत. धुरावलेल्या माशाचं ते सूप, वर वाफ, आणि वाफेपलीकडे पहिल्याच टेबलाशी कोण? तेच मिशाळ गृहस्थ. म्हणजे कर्नलसाहेब! आणि त्यांच्या शेजारी माझी मॉर्वेन, दाराकडे डोळे लावून. "बाबा कसे आले नाहीत अजून? वाट चुकले की काय..." असं म्हणता म्हणता तिने वर बघितलं.

खरं सांगतो, धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. मनात एकच... की बसवाल्याची मुलगी म्हणून कसंबसं चाललं असतं, आता जन्मभर हिला वाढप्याची पोर म्हणणार ही माणसं. म्हणून मी मान खाली घातली आणि म्हटलं, "सूप देऊ, बाईसाहेब?" पोटच्या पोरीला हो! बाईसाहेब!

ती ताडकन उठली. खुर्ची मागे पडली. "बाबा! मला ओळख का दाखवत नाही तुम्ही?" आणि हात धरून सगळ्यांना मोठ्याने, "हे माझे बाबा. डंडीत बस चालवतात."

कर्नलसाहेबांना तो कोट आठवला असणार, बिचारे मिशांपर्यंत लाल. माझ्याहून जास्त शरमले. मग त्यातून वाट काढत म्हणाले, "म्हणजे... मुलीच्या बापाने स्वतः कोट घ्यायचे, स्वतः वाढायचं... ही तुमच्याकडची जुनी रीत दिसते?" झालं! शंभर डोळे माझ्याकडे. तेव्हा तरी खरं बोलायचं होतं ना मी? पण पोरीने हात घट्ट धरलेला, तिला अजून किती खाली बघायला लावू? म्हटलं, "हो, आजीच्या माहेरची."

कर्नलसाहेबांच्या डोळ्यांत पाणी! ग्लास उचलून उभे राहिले. "अशी माणसं उरली नाहीत आता. ही रीत आपण मोडायची नाही. लग्नातही सगळं असंच होणार!"

जूनमध्ये लग्न आहे. दोनेकशे पाहुणे, मुलीचा बाप सूप वाढणार, आणि अंगावर पुन्हा भाड्याने आणलेला तोच किल्ट. पँट घालू का म्हणून विचारून बघितलं हो, कर्नलसाहेब म्हणाले, छे छे, रीत म्हणजे रीत! आणि मॉर्वेन? ती रोज संध्याकाळी फोन करते. म्हणते, "बाबा, सराव चालू आहे ना? त्या दिवशी हात फार कापत होता तुमचा."