रेणुकाचे वडील शाळेत आले तेव्हा

वर्गात चर्चा घेणं काय असतं, ते मला विचारा. नव्वदच्या दशकात कळमनुरीजवळच्या एका गावात मी नववीला शिकवत होते. एकदा फळ्यावर लिहिलं, 'मुलीचं लग्न कधी करावं आणि कोणी ठरवावं?' माझं मत सांगितलं नाही, पोरांनाच बोलू दिलं. सगळा वर्ग तावातावानं भांडला. तांड्यावरची रेणुका तेवढी गप्प होती. घंटा झाल्यावर म्हणाली, "बाई, हे घरी विचारलं तर चालंल?"

मी म्हणाले, "विचार की."

दुसऱ्या दिवशी तिला पाहायला पाव्हणे येणार होते, हे मला कुठं ठाऊक! सकाळी तिचे वडील थेट वर्गाच्या दारात उभे. मी खडू ठेवून पुढं गेले.

"बाई, पोरीला काय शिकवलं?"

"काही नाही, फक्त प्रश्न विचारला."

"मग उत्तर काहून न्हाई सांगितलं? जेवताना मला म्हणते, बाबा, माझं लग्न कोण ठरवून राहिलं? म्हणलं, मी. तर म्हणे, मग मला काहून न्हाई विचारलं? घास उतरंना माझा."

मी माफी मागणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "मग विचारलं तिला. दहावी करायची म्हणते. पाव्हण्यांना येऊ नका म्हणून सांगून आलो."

तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. मी खुर्ची पुढं केली, पण ते बसले नाहीत.

"तिची माय लई चिडली, बाई. उद्या ती येईल. तिला उत्तरच सांगा, प्रश्न विचारू नका!"