एका दांड्यावर दोघं

...आणि वर ती बुर्गल, माझी बायको, मलाच म्हणते, "तुला कोणी सांगितलं होतं तिकडे तडफडायला?" अहो, कोणी म्हणजे? हिनेच! तुम्हाला सांगतो, आम्ही मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारी माणसं, तिथे हिवाळ्यात काय असतं ठाऊक आहे ना? रोपवेच्या पाळण्यासाठी पाऊण तास रांग, पुढच्याची स्की आपल्या स्कीवर, मागच्याची काठी आपल्या बरगडीत, आणि वर पोचावं तर उतारावर बर्फ कमी नि माणसंच जास्त! मी आपला करवादलो, तर ही म्हणाली, "कास्सियान, मग हिंटरएकला जा ना. छोटासा डोंगर. गर्दी नाही, गडबड नाही."

गेलो. खरंच हो, गर्दी नाही, गडबड नाही! गाड्या किती? चार. त्यातली एक तर गेल्या हिवाळ्यापासून रुतलेली. तिकीट द्यायला झेन्झी, सूप वाढायला झेन्झी, लिफ्ट चालू करायला... झेन्झीच! आणि लिफ्ट म्हणजे काय, तर वरून दोरीला लटकलेला एक आडवा दांडा. दोघांनी शेजारी-शेजारी उभं राहायचं, दांडा ढुंगणाखाली घ्यायचा आणि तो ओढेल तसं घसरत वर जायचं. बसायचं नाही, नुसतं टेकायचं! बसलात की आडवे. आणि एकाने सोडला की दुसराही आडवा.

"एकट्याला सोडत नाही मी," झेन्झी म्हणाली. "दांडा वाकडा जातो. थांबा, जोडीदार देते. विन्सेन्झ, ये लवकर, एक सापडला!"

सापडला! तेव्हाच पळायला हवं होतं की नाही मी? पण मला वाटलं, एक्याऐंशीचा म्हातारा, काय करणार आहे?

निघालो. पहिली पाच मिनिटं अगदी सभ्य. "आपण खालच्या खोऱ्यातले का? आपलं शुभनाव? शाळेत कारकून? वा, वा!" मीही फुशारलो. तेवढ्यात हजार मीटर उंचीची पाटी आली. आता आमच्या तिरोलात हजार मीटरच्या वर अहो-जाहो बंद, सगळे अरे-तुरे, मग तो मंत्री असो नाहीतर गुराखी. पाटी ओलांडली मात्र, म्हाताऱ्याने मला कोपराने ढोसलं. "कास्सियान, ऐक रे. मी या लिफ्टच्या मंडळाचा अध्यक्ष, एकतीस वर्षं झाली. आता गुडघे गेले. रविवारी सभा आहे, नवा अध्यक्ष मिळाला नाही तर मंडळ बरखास्त, लिफ्ट भंगारात. तू हो ना रे!"

सांगा बघू, 'अहो' म्हणणाऱ्याला नाही म्हणता येतं, 'अरे' म्हणणाऱ्याला कसं म्हणणार? आणि पळणार कुठे? दांडा सोडला तर म्हातारा आडवा! गर्दी नाही, गडबड नाही, म्हणजे बोंबललो तरी ऐकायला कोणी नाही!

वर पोचलो, आणि... काय सांगू! समोर सगळा उतार कोरा. त्यावर एक रेघ नाही. झाडांवरून बर्फ गळत होता, तो ऐकू येत होता हो! मोठ्या डोंगराखाली आयुष्य काढलं, पण बर्फाचा आवाज ऐकला तो चोपन्नाव्या वर्षी. हे सगळं भंगारात जाणार? आणि त्या भरात तोंडातून निघून गेलं, "बघू."

आता 'बघू' म्हणजे काय? 'बघू' म्हणजे नाही! शेंबड्या पोरालाही कळतं! पण म्हाताऱ्याने लिफ्टच्या वरच्या टपरीतला फोन उचलला नि खाली ओरडला, "झेन्झी, हो म्हणाला गं!" मी जिवाच्या आकांताने खाली आलो, तर सात माणसं टाळ्या वाजवतायत, आणि झेन्झी सूप पुढे करतेय, "अध्यक्ष, जपून, गरम आहे." मी विचारलं, अध्यक्षाचं काम तरी काय? तर झेन्झी म्हणे, "काही नाही हो, गर्दी आणायची."

गर्दी! मी! गर्दी नाही, गडबड नाही, म्हणून आलेला माणूस!

रविवारी सभेला गेलो तो नाही म्हणायलाच. विन्सेन्झने विचारलं, "कोणाचा विरोध?" मी ताडकन उठून हात वर केला, अगदी उंच. तर झेन्झी म्हणते, "बघा, नवे अध्यक्ष सगळ्यांचे आभार मानतायत!" सगळे उभे राहिले, टाळ्यांचा कडकडाट, म्हातारा रुमालाने डोळे पुसतोय, आणि माझा हात तसाच वर...

मग काय करणार? हलवला.