पेटत्या आचेवर लावलेले बूच

मी, वय ७१ वर्षे, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार शाळेमागची गल्ली, पहिला मजला, पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. शाळेच्या तक्रारीत प्रयोगशाळेच्या मदतनिसांचे नाव घातले आहे, म्हणून आले. त्यांना सगळे मामा म्हणतात. सकाळपासून त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले आहे.

परवा अकरा वाजता नव्या प्रयोगशाळेचे उद्घाटन होते. मी पाहुणी म्हणून पुढच्या रांगेत होते. प्रयोग मुख्याध्यापिका करणार होत्या. त्या माझ्याच विद्यार्थिनी. पाठांतराला हुशार, हाताने काही करायला नाही. प्रयोग असा: काचेच्या चंबूत पाणी उकळायचे, आच बंद करायची, मग बूच लावायचे. चंबू उलटा करून वरून गार पाणी ओतले की आतले पाणी आचेशिवाय पुन्हा उकळते. आच आधी बंद, बूच नंतर. हे मी छत्तीस वर्षे फळ्यावर लिहिले.

पाणी उकळल्यावर मामा बर्नर बंद करायला पुढे झाले. ज्योत फोटोत छान दिसते, असे फोटोग्राफर म्हणाला. मुख्याध्यापिकांनी बर्नर पेटता असतानाच चंबूला बूच दाबून बसवले.

मामा म्हणाले, "बाई, आधी आच बंद करा."

"मामा, तुम्ही फोटोतून बाजूला व्हा. शिकवायचं काम माझं आहे."

अर्ध्या मिनिटात चंबू फुटला. समोरच्या आठवीतल्या मुलीच्या गालावर आणि मानेवर उकळते पाणी उडाले. तिला उचलून नळाखाली मामांनी धरले. मुख्याध्यापिका फोटोग्राफरला कॅमेरा बंद करायला सांगत होत्या. बूच मामांनी लावले, हे तक्रारीतले म्हणणे खोटे आहे. त्यांचा बुचाला हातही लागला नाही.

काल मुख्याध्यापिका माझ्या घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आमच्या घरच्या." मी विचारले, मग मामा कुठले? त्या चहा अर्धा टाकून गेल्या.

आणखी सांगते की, बूच मलाही दिसले होते. पाहुण्याने मध्ये बोलू नये, असे कॉन्व्हेंटमध्ये शिकले, ते नेमके तेव्हा पाळले. मामांना बाजूला व्हायला सांगितले, तेव्हा समोरचे सगळे हसले. मीही हसले.

हवालदार म्हणाले, "आजी, हे लिहायची गरज नाही." मी लिहायला लावले.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. ‘मीही हसले’ हे वाक्य त्यांनी गाळून वाचले, ते पुन्हा वाचून घेतले. बरोबर आहे.