द्वारकाबाईंनी वसतिगृहात नाव घातलं

मंडळी, जरा सरकून बसा, मागच्यांना टेकू द्या! आज एकच प्रश्न. दान देणारा मोठा, की घेणारा?

हां! पुढची रांग लगेच म्हणाली — देणारा! तुम्ही म्हणणारच हो, देवळाच्या फरशीवर तुमची नावं आहेत! थांबा. आधी ऐका.

कापसाडं नावाचं तालुक्याचं गाव. तिथं द्वारकाबाई कोठावदे. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, तेलाची गिरणी एकट्या चालवायच्या. वय बासष्ट, आवाज गिरणीच्या भोंग्याचा! एस.टी. स्टँडवर बायकांसाठी संडास नव्हता — बाई नगरपालिकेच्या दारात आठ दिवस बसल्या. नवव्या दिवशी गवंडी हजर! पुरुष हसतायत बघा. बायका नाही हसत. त्यांना ठाऊक आहे ती सेवा केवढी!

तर त्याच स्टँडवर एक मुलगी रडत होती. हौसा मोरे तिचं नाव.

"काय गं, पैसे मारले कुणी?"

"नाही आजी. कॉलेजचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं आणि आमच्या गावची शेवटची बस चारला. प्रॅक्टिकल करावं तर बस जाते, बस धरावी तर नापास! बाबा म्हणाले, सोमवारपासून कॉलेज बंद."

बाई म्हणाल्या, "बस बदलत नाही, प्रॅक्टिकल बदलत नाही — मग तू मुक्काम बदल! माझ्या घरी राहा, बाबांना मी सांगते."

आणि सांगितलं हो! त्या आवाजापुढे कुठला बाप टिकतो?

एकीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी — महिन्याभरात घरात अकरा मुली! न्हाणीघरापुढे रांग! दोरीवर अकरा परकर! बादलीत प्रॅक्टिकलचा बेडूक, देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी बाटलीत गांडूळ! बाई म्हणायच्या, "असू दे, त्यालाही दर्शन घडतंय!"

पण गाव ते गाव. तक्रार गेली. नगराध्यक्ष अण्णासाहेब स्वतः चौकशीला आले. काळी टोपी, कपाळाला आठ्या. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "द्वारकाबाई, हे चाललंय काय? अकरा तरण्या पोरी, घरात पुरुष माणूस नाही, काही भलतंसलतं झालं तर—"

झालंच की! बादलीतला बेडूक सुटला! टुणकन अण्णासाहेबांच्या मांडीवर! मांडीवरून — टोपीवर! पेटीवाले, हसता काय, सूर धरा! अण्णासाहेब खुर्चीवर उभे — "अगं आई गं! काढा! काढा!"

हौसा आली. शांतपणे बेडूक ओंजळीत धरला. "घाबरू नका काका, हा उद्याच्या परीक्षेचा आहे."

अण्णासाहेब खाली उतरले. "पोरी, तुला भीती नाही वाटत?"

"बेडकाची नाही वाटत. बस चुकायची वाटते."

अण्णासाहेबांनी टोपी झटकली. "बाई, या पोरींना मोठी जागा पाहिजे."

"जागा आहे. गिरणीमागचं माझं शेत. बांधतेही मीच. परवानगी तेवढी तुमची! की येऊन बसू दारात?"

"नको, नको! देतो!"

दोन वर्षांत कॉलेजच्या मुलींचं वसतिगृह उभं राहिलं. चाळीस खोल्या! लगेच गावातले मोठे लोक आले — आमची आत्या चार दिवस राहू दे, आमचं वऱ्हाड उतरू दे. बाई कडाडल्या, "इथं शिकणारीच राहील! दुसरं कुणी नाही!"

अकरा जणी नव्या खोल्यांत गेल्या. आणि बाईंचं घर सुनं पडलं. न्हाणीघर रिकामं. दोरी रिकामी. दोन भाकरी थापायच्या, त्यातलीही दीड उरायची. चौथ्या दिवशी वळकटी काखेत मारून बाई वसतिगृहाच्या दारात!

रेक्टरबाई चाचरल्या. "आजी... तो नियम आहे ना."

"कुणाचा?"

"तुमचाच."

बाई वळल्या. दहा पावलं गेल्या. थांबल्या. परत आल्या. भोंग्याचा आवाज एवढासा झाला होता. "मग माझं नाव घाला. मला लिहायला येत नाही गं. गिरणीच्या कागदांवर अंगठा, या इमारतीच्या कागदांवर अंगठा. शिकवाल का मला?"

रेक्टरबाईंनी नावांची वही उघडली. हौसा वरून ओरडत आली, "आजी माझ्या खोलीत!"

हौसा मास्तरीण कडक! पण पहिलंच अक्षर 'द्वा' — जोडाक्षर! बाई घामाघूम. "हौसा, नाव बदलू का? 'कमल' बरं. काना नाही, मात्रा नाही!"

नाही बदललं. तीन महिन्यांनी वसतिगृहाच्या वहीत सही केली — द्वारका. काना वर पळालेला, 'र' आडवा पडलेला! बाई कितीतरी वेळ त्या सहीकडे बघत राहिल्या. मग ताट घेऊन जेवणाच्या रांगेत घुसायला गेल्या, तर पोरी ओरडल्या, "नव्या मुलींनी मागं!" गेल्या की मागं! हसत गेल्या!

आता सांगा मंडळी, देणारा मोठा की घेणारा? ज्या दारात सगळं दिलं, त्याच दारात त्या बाईनं हात पसरला. मला तर दोन माणसं वेगळी दिसतच नाहीत!

तुम्ही शाळेला बाकं दिलीत. छान केलंत. पण त्या बाकावर बसायचं तुमच्या घरात कुणाचं राहून गेलंय? सही करायच्या वेळी जिला नेमका चष्मा सापडत नाही, तिला घरी जाऊन विचारा. आणि आबा, खाली काय बघता? तुम्हालाही विचारतोय!

चला, टाळ उचला, देवाचं नाव मोठ्यानं घ्या — आणि सकाळी तेच नाव पाटीवर लिहून बघा!