गव्याचा आवाज

कोयनेच्या जंगलात मला भ्या दाखवंल असं जनावर अजून जन्मलं न्हाई. म्हंजे जन्मलंय एक, पर ते मला मागनं भेटलं.

आमचा रघू फौजेतनं सुभेदार होऊन घरी आला आन् जाड टायरची सायकल घेऊन डोंगरातल्या खडीच्या वाटा तुडवाय लागला. एकदा मीबी माझी जुनी सायकल घेऊन संगं गेलो. एका वळणावर पुढं जाऊन करवंदीच्या जाळीत दडलो आन् तो येताच गव्यागत फुसकारलो. रघू जागच्या जागी थिजला.

तेवढ्यात माझ्या मानंवर गरम वाफ आली आन् मागनं कुणीतरी फुसकारलं. जाळीतनं मुंडी भाईर काढून मी म्हटलं, "रघ्या, खरा गवा हाय रं!"

"आवं तात्या, वळखला तुमचा आवाज. परत काढा बघू."

आवाज परत आला, पर माझं तोंड मिटलेलं हुतं. ते बघून रघू पांढरा पडला. आमी दोघं दगडागत हुबं. गव्यानं पुढं येऊन मला खालवर न्याहाळलं आन् कारवी मोडत निघून गेला.

"बघितलंस, कसा पळवला?" माझं दात अजून वाजत हुतं.

"पळवला कुठला, तात्या? आवाज ऐकून बिचारा गाय हाय समजून आला हुता, तोंड बघून गेला."