बाभळीचा बुडखा

सरपण फोडताना भांडण मिटलं, असं ऐकलंय का कधी? आमच्या लोहाऱ्यात मिटता मिटता ऱ्हायलं बघा.

आमची आई आन् तिची थोरली जाऊ, म्हंजे माझी काकू, शेजारी राहतात, पण बोलत न्हाईत. कारण काकूचा वरवंटा. मी शाळेत असताना परसातल्या बाभळीखाली धुऊन ठेवलेला तो वरवंटा हरवला, आन् काकूनं आईचं नाव घेतलं.

औंदा ती बाभळ वठली. वरचं लाकूड तोडून झालं तवा आई म्हणली, "बुडखा मुळासकट काढ. आंघोळीच्या पाण्याला लई टिकतो, दिसभर धगधगतो." खणून गड्डा वर काढला, पाचर लावली, घण घातला. लाकूड फाकलं, आन् आत मुळांनी गच्च आवळून धरलेला वरवंटा!

आईनं तो धुतला, पदरानं पुसला आन् कुंपणापाशी जाऊन इतक्या वर्सांनी हाक मारली, "अक्का, बघा. तुमचा वरवंटा मुळांत व्हता. म्या नेला न्हवता."

काकूनं उलटापालटा करून बघितला. "हा आमचा न्हाय. आमचा ह्याच्यापेक्षा मोठा व्हता."

आई तापली. "तुमचा न्हाय ना? मग ऱ्हाऊ द्या माझ्याकडं."

संध्याकाळी आमचा बंब त्याच बुडख्यावर पेटला, आन् तिकडं काकू गल्लीभर सांगत हिंडत व्हती, "म्या म्हणलं न्हवतं का? निघाला की नाही वरवंटा तिच्याच घरात!"