डाव्या पायाचा डाग

— नाही वाळली, मास्तर, कशी वाळेल तुम्हीच सांगा — सकाळपासून आभाळ हे असं खाली आलंय, ना पाऊस, ना वारा, ना ऊन, नुसता ओला गारठा. मागच्या दोऱ्यांवर कालच्या चादरी अजून हाताला गार लागतायत. बसा ना. शाळा सुटली तुमची, आता घरी जाऊन भिंतींना गणितं शिकवणार का? त्या गठ्ठ्यावर बसा, पडदेच आहेत. पाय लांब करा जरा. हां — डावा. डावाच म्हणालो मी.

खोटं बोललो, मास्तर. गारठ्याचं खरं, पण तुमची पँट मी धुतलीच नाही. ही बघा, इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवलीय. रागावू नका. मला अक्षर येत नाही, पण चाळीस वर्षं लोकांचे कपडे हातात धरलेत — कोण रडून बाहीला डोळे पुसतो, कोणाची बटणं दर महिन्याला का तुटून येतात, सगळं कळतं, बोलत नाही इतकंच. तुमच्या डाव्या पायाला, घोट्याच्या वर चार बोटं, आतल्या अंगाला, हा एवढा पिवळट डाग, मधोमध तांबूस. उन्हाळ्यापासून. दर आठवड्याला, त्याच जागी. चहा सांडला म्हणालात. चहा आतून सांडतो का हो, मास्तर?

किरकोळ? असेल. किरकोळच असू दे. पण किती महिने झाले? — बघा, बोटं मोजायला लागलात.

आमच्या हिचंही किरकोळच होतं. कपडे उकळायचा हंडा कलंडला आणि नडगीवर पाणी आलं. फोड आले, दवाखाना झाला, बरी झाली. झाली म्हणजे — कातडी आली, पण कागदासारखी, चकचकीत. स्टुलाचा कोपरा लागला की फाटायची. मग खपली, मग पुन्हा तेच. भोवती लाल, हात ठेवला तर कढत. बारा वर्षं, मास्तर. बारा वर्षं मीच पट्टी केली तिची. जुन्या सुती चादरीच्या पट्ट्या फाडायच्या, उकळायच्या, कडक इस्त्री करून डब्यात रचायच्या. दुपारी शटर अर्धं खाली ओढायचं, ती स्टुलावर, पाय माझ्या मांडीवर. ‘पाय बांधताय की गिऱ्हाइकाचा गठ्ठा?’ म्हणायची. हसायची वर. आम्ही दोघं तशी बोलणारी माणसं नव्हेच — लग्न झाल्यापासून ती दोऱ्यांपाशी, मी इस्त्रीपाशी, मधे नुसती वाफ. पण पाय मांडीवर आला की तिचं तोंड सुटायचं. लहानपणी विहिरीत कशी पडली, माझ्या आईनं पहिल्या वर्षी काय काय ऐकवलं, लेकीच्या वेळी किती घाबरली होती — हे सगळं मला त्या अर्ध्या तासात कळलं, लग्नाला वीस वर्षं होऊन गेल्यावर. आणि तिच्या कपड्यांवरचे डाग? तेही मीच काढायचो. आधी गार पाणी, मग साबण. गरम पाण्यात घातला की डाग बसतो. असे काढायचो की सख्ख्या लेकीला कित्येक वर्षं पत्ता नाही. फुशारकी वाटायची मला त्याची.

लेकीला कळलं तेव्हा ती आधी रडली, मग कडाडली. म्हणाली, बाबा, मोठ्या दवाखान्यात मांडीची कातडी काढून लावतात, आईला उद्याच्या उद्या घेऊन चला. मी म्हणालो, घाई कशाला, भरेल सावकाश. हिनं माझ्याकडे बघितलं फक्त. मला वाटलं — बरी झाली तर ही कशाला बसेल माझ्यापुढं पाय — नाही. ते राहू द्या. तसं नव्हतं म्हणायचं मला.

तसंच होतं, मास्तर.

मग कडा कडक व्हायला लागल्या, वर उचलल्या, वास बदलला, पट्टी नुसती सोडवली तरी रक्त. तेव्हा गेलो. तुकडा काढून तपासायला दिला. डॉक्टरीणबाई आमच्या लेकीहून लहान, शेजारी खुर्ची ओढून बसली माझ्या. म्हणाली, आजोबा, जखम झाली की शरीर दुरुस्तीला माणसं धाडतं. ती सूज, तो लालपणा, तो कढतपणा — ते त्यांचं काम चाललेलं. काम झालं की ती परत जातात. इथं गेलीच नाहीत. बारा वर्षं त्याच धगीत जुनं तोडायचं, नवं जोडायचं. असं करता करता एखादा कण वाकडा घडतो, आणि त्याला थांब म्हटलेलं कळत नाही. तोच कॅन्सर. मला लगेच उमगलं. एकाच जागी रफू करत राहिलं की भोवतीचं कापडही जातं. सगळ्यांचं असं होत नाही, फार थोड्यांचं होतं, असंही म्हणाली — म्हणून तुम्ही घाबरू नका, फक्त दाखवा. मी तिला विचारलं, रोज इतकं स्वच्छ ठेवलं, तरी? ती म्हणाली, स्वच्छ होतं आजोबा, म्हणून तर कोणाला शंका आली नाही.

जांघेत गाठ आली होती तोवर. पाय काढला. तरी सातच महिने.

उठा आता. पँट अशीच बांधून देतो, डागासकट. हा डाग मी काढायचा नाही. कोपऱ्यावरचा दवाखाना सहापर्यंत उघडा असतो. उद्या नाही — उद्याचं मला सांगू नका. काय? मी? मी बांधून देऊ पट्टी? — नाही हो, मास्तर. हात हलका आहे म्हणूनच नाही. एकदा का तुम्हाला बरं वाटलं की तुम्ही परवा पुन्हा इथंच याल, आणि मी पुन्हा बांधीन. जा तुम्ही. माझ्याकडे असं कौतुकानं बघू नका, तसं बघण्यासारखं मी काही केलेलं नाही. तिला पोचवून आलो, माणसं पांगली, शेजारच्या बाई तेवढ्या दारात थांबल्या होत्या. वाटलं, भिंतीला भिंत लागून आहे, ह्यांना सगळं दिसलं असेल, ह्या तरी मला चार शब्द सुनावतील. त्या डोळे पुसत म्हणाल्या, “भाऊ, असा जपणारा नवरा मिळायला नशीब लागतं हो.”